क्लच पेडल अधूनमधून खाली न जाणेबाबत

बावीस वर्षं स्कूटरवर माझ्यामागे धूळ खात आणि माझी बडबड ऐकत बसलेल्या बायकोला आता गाडीत बसवायचं, असा एक साधा विचार माझ्या मनात आला. साधे विचार मला झेपत नाहीत, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

आमच्या पाटबंधारे खात्यातले तात्याराव निवृत्त झाले आणि त्यांनी आपली आठ वर्षं जुनी पांढरी गाडी मला दिली. "महिनाभर चालवा. नाही पटली तर परत आणा, मी कारण विचारणार नाही," असं म्हणाले. (नोकरीत असतानाही ते कुणाला कारण विचारत नसत. त्यांच्याकडच्या फायली त्यामुळेच लवकर सरकत.)

घरी आम्रपालीने गाडीभोवती एक फेरी मारली, दोन दारं उघडून मिटली आणि म्हणाली, "दुसऱ्याने विकली म्हणजे काहीतरी असणारच." पण संध्याकाळी तिनेच डॅशबोर्डवर छोटी बुद्धमूर्ती बसवली आणि नियम केला, की मूर्तीसमोर पायात चप्पल चालणार नाही. तिची चप्पल पिशवीत घालून डिकीत जाई. मी माझी पायानेच सीटखाली ढकलत असे. (एकटा ऑफिसला जाताना मी बूट काढत नसे. रोज नाड्या कोण सोडणार? हे तिला ठाऊक नव्हतं. आता झालं आहे.)

पहिल्याच रविवारी बिबवेवाडीचा उतार उतरून आम्ही सिग्नलला थांबलो. हिरवा दिवा लागला, मी क्लच दाबला, तर पेडल अर्ध्यावर जाऊन अडलं. गिअर पडेना. नुसती करकर. मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. मी इंजिन बंद केलं, चप्पल घातली, उतरलो, बॉनेट उघडलं आणि आत गंभीरपणे पाहिलं. (बॉनेटमधलं मला फक्त पाणी कुठे घालायचं ते कळतं. खातंच तसं.) परत येऊन बसलो तर क्लच लोण्यासारखा.

"काय केलंत?" आम्रपालीने विचारलं.

"बघितलं."

"नुसतं बघून होतं?"

"झालं की."

"मग घरातल्या नळाकडेही एकदा बघा. तीन महिने गळतोय."

पुढच्या आठवड्यात परत तेच झालं. मी गाडी सोनबाच्या गॅरेजमध्ये नेली. सोनबा मूळचा मांजरीचा, म्हणजे आमच्या सासुरवाडीचा, त्यामुळे तो मला फसवताना थोडा संकोच करतो. त्याने दहा चकरा मारल्या. "साहेब, गाडी ठणठणीत हाय," म्हणाला. तरी माझ्या समाधानासाठी क्लचची केबल बदलली. समाधान त्या रविवारपर्यंत टिकलं.

आमची पूर्वा एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करते. ती म्हणाली, "बाबा, बग रिप्रोड्यूस झाल्याशिवाय फिक्स कसा होणार? लॉग ठेवा ना." लॉग मला जमत नाही, फाइल जमते. मी फाइल उघडली. वर विषय लिहिला आणि खाली रकाने आखले: तारीख, ठिकाण, हवामान, गाडीतील इसम. पंधरा दिवसांनी पूर्वाने ती वाचली.

"बाबा, एकच फॅक्टर कॉमन आहे."

"कुठला?"

"आई."

मी फाइल तीनदा वाचली. एकट्याने ऑफिसला अठरा फेऱ्या, दोष शून्य. आम्रपालीसह पाच फेऱ्या, दोष चार. माझं डोकं चालेना. माणसाचं बायकोसमोर काही चालत नाही हे समजू शकतो, पण क्लचचं?

सोनबालाही कोडं पडलं. "वजनाचा प्रकार असंल. वहिनींचं वजन किती?"

"ते मी विचारू शकत नाही."

मग अंदाजाने (आणि भीतीपोटी कमीच धरून) आम्ही त्या सीटवर तांदळाची पोती ठेवून गावभर फिरलो. पोत्यांना क्लचची काही हरकत नव्हती.

शेवटी आम्रपालीला सांगणं भाग होतं. "गाडी तशी चांगली आहे गं," मी म्हणालो. "तू नसलीस की नीट चालते."

तिने पेपराची शांतपणे घडी घातली. "या रविवारी मांजरीला चेतनदादाकडे जायचंय. धड पोचलो तर गाडी ठेवा. वाटेत अडली तर सोमवारी तात्यारावांना परत. आणि मी आपली पुन्हा स्कूटरवर."

शेवटचं वाक्य ती तक्रारीच्या सुरात म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती ते सहज म्हणाली आणि मला फार वाईट वाटलं. गाडी मला माझ्यासाठी नकोच होती.

रविवारी सोनबाही निघाला, घरीही जाता येईल आणि दोषही बघता येईल म्हणून. बूट डिकीत ठेवून तो मागे बसला. हडपसरच्या सिग्नलपर्यंत गाडी गुणाने चालली. हिरवा दिवा लागला, मी क्लच दाबला आणि पेडल अर्ध्यावर अडलं. संपलं सगळं, असं वाटून मी पायाने सीटखाली चाचपू लागलो.

"साहेब, काय करताय?" सोनबाने विचारलं.

"चप्पल शोधतोय. उतरून बॉनेट उघडायला नको का? ही उजवी मिळाली. डावी अशा वेळी नेहमी पुढे सरकलेली असते."

सोनबा दोन सीटांच्या मधून पुढे वाकला. बाहेर हॉर्न वाजत होते.

"साहेब," सोनबा हळूच म्हणाला, "हलू नका. हाय तसं बसा."

तो उतरला, माझं दार उघडलं, डोकं आत घातलं आणि क्लचच्या पेडलामागे अडकलेली माझी डावी चप्पल ओढून काढली. दोन बोटांत धरून त्याने ती आम्रपालीला दाखवली. "वहिनी, घावला दोष. दर टायमाला बॉनेट उघडायच्या आदी साहेब ही काढून पायात घालत्यात. मग मला काय दिसनार?"

आम्रपालीने आधी चप्पल पाहिली, मग मला. आणि ती हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "सोमवारचं राहू द्या," ती म्हणाली. "गाडीत काही दोष नाही." त्यातला 'गाडीत' तिने जरा सावकाश उच्चारला.

मागचे लोक खवळले होते. सोनबाने चप्पल टपावर ठेवून पेडल हाताने दोनदा दाबून पाहिलं आणि पळत मागे जाऊन बसला. गाडी निघाली ती थेट मांजरीला थांबली.

मेहुण्याच्या घरची सगळी माणसं गाडी बघायला ओट्यावर आली होती. मी उजवी चप्पल घालून ऐटीत उजवा पाय बाहेर टाकला. डावा टाकला, तेव्हा टपाची आठवण झाली. वर पाहिलं, तर टप स्वच्छ होता.

चेतनदादांनी गाडी डोळे भरून पाहिली, मग त्यांची नजर खाली माझ्या पायांवर गेली.

"दाजी, गाडी घेतल्यावर चपलेला काही उरलं नाही का?"

"उरलं होतं की," डिकीतून आपली चप्पल काढत आम्रपाली म्हणाली, "एका पायापुरतं."