संत्र्याचा जपान

मनोहर काकाजींनी दिलेली मिठाई खाऊन तुम्ही "वा, काय चव आहे!" म्हणालात, तर ते चिडतात. नुसते चिडून थांबत नाहीत, तुमच्या हातातला उरलेला अर्धा तुकडा काढून घेतात.

"चवीचं कोन इचारलं तुले?" म्हणतात. "तोंडात काय होऊन राह्यलं ते सांग. ओढलं त लांबलं का? दाताखाली मऊ लागलं का? थंड लागलं का? चव त गुळाच्या खड्यालेही राह्यते!"

हा अनुभव मी स्वतः घेतला आहे. कळंबला आमची पिठाची चक्की आणि काकाजींचं मोटार वाइंडिंगचं दुकान यांच्यात फक्त एक भिंत आहे. शेतातल्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी त्यांच्याकडे येतात. काकाजी जुनी काळी पडलेली तार काढतात, नवी तांब्याची तार गुंडाळतात आणि मोटार धडधडू लागली की तिच्या अंगावर हात ठेवून डोळे मिटतात. आमच्या चक्कीच्या आवाजावरूनही ते पट्टा सैल झाल्याचं भिंतीपलीकडून ओरडून सांगतात.

मोटारीशिवाय त्यांना दुसरी भाषा येत नाही. कुणाला ताप आला तर "वाइंडिंग गरम झालं". नवराबायकोचं पटलं तर "फेज जुळला". गावात एका पुढाऱ्याचं भाषण झालं, तेव्हा सगळा वेळ मान डोलावून ऐकलं आणि उठताना म्हणाले, "आवाज लय हाय, पाणी येत नाई." माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात हे कळल्यावर त्यांना समोरासमोर सांगितलं, "बाई, बेअरिंग गेले तुमचे. ग्रीस संपलं." सासूबाईंनी बोलणं टाकलं. पण घरातला मिक्सर बंद पडल्यावर गुपचूप त्यांच्याकडेच घेऊन गेल्या.

या माणसाने कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं. गरजही नव्हती, कारण घरात लीलाकाकू होत्या. काकूंच्या हातचा गोळाभात खाल्लेला माणूस दुसऱ्याच्या घरी गोळाभाताला बसला की उगाच गप्प होतो. गल्लीत कुणाकडे पाहुणे आले की काकूंना हाक जायची आणि काकू पदर खोचून फोडणी द्यायला हजर व्हायच्या. काकाजींना त्यातलं इतकंच ठाऊक, की ताट समोर येतं आणि रिकामं होऊन परत जातं.

म्हणून दिवाळी सरल्यावर एका सकाळी ते तांदळाची पिशवी घेऊन चक्कीवर आले, तेव्हा मला वाटलं काकूंनी पाठवलं असेल.

"सुनीता, बारीक दळून दे. मैद्यापेक्षा बारीक."

"काय करतात काकू?"

"ते नाई करत. मी करून राह्यलो." आणि त्यांनी मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. त्यात कुणीतरी पांढऱ्याशुभ्र, गुबगुबीत गोळ्या वळत होतं. "जपानची मिठाई हाय. वरून तांदळाचं मऊ कवच, आत अख्खं फळ. हे पाह्य, ओढलं त कसं लांबते. तुटत नाई! मोची म्हनतात याले."

हे नाव काही टिकलं नाही. पहिल्याच दिवशी काकाजींनी समोरच्या घरी जाऊन विचारलं, "मोची पाहिजे का?" तिथले आजोबा जरा कमी ऐकतात. ते आत गेले आणि अंगठा तुटलेली चप्पल घेऊन बाहेर आले. त्या दिवसापासून काकाजींनी पदार्थाचं नाव बदलून टाकलं. आता ते त्याला "जपान" म्हणतात. केळीचा जपान, चिकूचा जपान. गल्लीतही तेच नाव रूढ झालं. "काल जपान आला नाई तुमच्याकडं?" असं बायका एकमेकींना विचारू लागल्या.

खरी अडचण तांदळाची होती. जपानात त्यासाठी वेगळा चिकट तांदूळ असतो म्हणे. आपला तांदूळ शिजला की दाणा दाण्याला ओळख देत नाही. मी म्हटलं, काकाजी, मोबाईलवरूनच ते पीठ मागवा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना तयार वाइंडिंग आणून बसवायला सांगत होते. "मागवून त कोनीही करन!"

मग तांदळाच्या पिठात साबुदाण्याचं पीठ घालणं सुरू झालं. माझ्या चक्कीत साबुदाणा मी घालू दिला नाही, तेव्हा मिक्सर कामाला लागला. पीठ, साखर, पाणी कालवून इडलीच्या भांड्यात वाफवायचं आणि मग लाकडी दांड्याने घोटायचं, घोटायचं, घोटायचं. पहिला घाणा भांड्याला असा चिकटला, की काकाजींनी दुकानातून बेअरिंग ओढायचा पुलर आणला. दुसरा घाणा दगड झाला. तिसरा इतका सैल झाला की वळायला घेतला आणि कोपरापर्यंत चढला. काकाजी दोन्ही हात वर धरून दारात उभे होते आणि ओरडत होते, "लीला, मले सोडव व!"

काकू ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्या इतक्या हसल्या की शेंगांचं सूप कलंडलं. त्या पावसाळ्यापासून काकू जरा गप्पगप्पच असायच्या, त्यामुळे ते हसू माझ्या लक्षात राहिलं.

फळांनीही त्रास दिला. केळं काळं पडलं. चिकू विरघळला. सीताफळाच्या बिया काढता काढता काकाजींची सकाळ गेली आणि दुकानावर शेतकरी मोटारी घेऊन ताटकळले. "पिकाचं ओलीत थांबलं हो काकाजी, पाणी देता येत नाई!" एक जण कळवळून म्हणाला. काकाजींनी त्याच्या तोंडात सीताफळाचा जपान कोंबला आणि विचारलं, "लोड घेते का?" तो बिचारा चघळत राहिला. तोंड मोकळं झालं तेव्हा म्हणाला, "लय गोड हाय." झालं. त्याची मोटार सगळ्यात शेवटी दुरुस्त झाली.

हळूहळू जपान जमू लागला. निदान आम्हाला तसं वाटायचं. पण काकाजींचं समाधान होईना. "तुमी त सगळे चांगलंच म्हनता. खरा जपान खाल्लेला माणूस पाहिजे. तो सांगन, बरोबर हाय का नाई."

असा माणूस कळंबात कुठून मिळणार? पण माझी मावसबहीण वणीला राहते. तिच्या शेजारी कोळशाच्या खाणीवरचे एक इंजिनिअर साहेब राहतात आणि ते कामासाठी जपानला जाऊन आलेत, हे मी एकदा बोलून गेले होते. काकाजींनी ते ऐकलं आणि रविवारी सकाळी डबा घेऊन माझ्या दारात उभे राहिले. "चाल. तुह्या बहिणीलेही भेटणं होईन."

डब्यात जपान, डब्याभोवती बर्फ, बर्फाभोवती पोतं. अर्ध्या वाटेत एसटीत पाणी ठिबकू लागलं. कंडक्टर म्हणाले, "काकाजी, डबा गळून राह्यला तुमचा."

"गळू द्या. जपान हाय त्यात."

कंडक्टर डब्यापासून दोन पावलं मागे सरकले. मात्र उतरताना एक जपान त्यांच्याही तोंडात गेला.

साहेब भला माणूस निघाला. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा मागवला आणि डब्यातली एक गोळी उचलून शांतपणे खाल्ली. काकाजी खुर्चीच्या टोकावर बसून त्यांचा जबडा न्याहाळत होते.

"छान आहे," साहेब म्हणाले.

"तिकडच्यासारखं हाय का?"

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. बाईंना हसू आवरेना. "अहो काकाजी, यांनी तिकडे खाल्लं काय, तर मी दिलेला चिवडा आणि केळी! प्रत्येक गोष्टीत मासे असतील म्हणून कशालाच तोंड लावलं नाही. परत आले ते निम्मे होऊन."

काकाजींचा चेहरा असा उतरला, की साहेबांनाच अपराधी वाटायला लागलं. बिचारे डोकं खाजवून काहीतरी आठवू लागले.

"खाल्लं नाही, पण करताना बघितलंय बरं का! आम्ही उतरलो होतो तिथल्या मालकीणबाई हेच करायच्या. पीठ मळता मळता मध्येच स्वतःच्या कानाची पाळी चिमटीत धरायच्या. मला वाटलं कान दुखतो. मी खुणेने विचारलं, तर खूप हसल्या. पिठाचा गोळा माझ्या हातात दिला आणि मला माझाच कान धरायला लावला. दोन्ही सारखंच मऊ लागलं, की पीठ झालं."

काकाजी ताडकन उठले. साहेबांना हात जोडले, डबा तिथेच ठेवला आणि माझ्या बहिणीला न भेटताच आम्ही एसटी स्टँडवर आलो.

परतीच्या वाटेवर ते स्वतःचा कान चाचपत होते. मारेगाव आलं तेव्हा म्हणाले, "माहा कान कामाचा नाई. निबर झाला. याच्यावर भरोसा ठेवला त जपान बिघडन."

त्यानंतरचे काही दिवस गल्लीतल्या कुणाचाही कान सुरक्षित नव्हता. दूधवाल्याचा पाहून झाला, शिंपीणबाईंच्या तान्ह्या नातवाचा झाला. "हा लयच मऊ, एवढं आपल्याले नाई जमायचं." माझ्या सासूबाईंच्या कानाकडे ते नुसते लांबूनच बघून म्हणाले, "यायच्या कानात कुड्या हाय. रीडिंग चुकन." सासूबाईंनी दुसऱ्यांदा बोलणं टाकलं.

एका दुपारी त्यांचं दळण घेऊन मी मागच्या दाराने गेले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीच थबकले. काकू स्टुलावर बसल्या होत्या. काकाजी शेजारी उभे होते. त्यांचा एक हात परातीतल्या पांढऱ्या गोळ्यात होता आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत काकूंच्या कानाची पाळी. डोळे मिटलेले. मोटारीवर हात ठेवतात तेव्हासारखेच.

"लय दाबू नोका," काकू म्हणत होत्या. "पीठ त्या हातात हाय. हा कान हाय माहा."

"हालू नोको. जुळून राह्यलं."

इतक्या वर्षांत मी त्या दोघांना एकमेकांच्या इतकं जवळ उभं पाहिलं नव्हतं. मी हळूच मागे वळले, तर काकूंनी पाहिलं. लाजल्या, उठल्या आणि मला घेऊन बाहेर ओट्यावर आल्या.

"हसू नोको व," म्हणाल्या.

"मी कुठं हसते? पण काकू, काकाजींना हे वेड लागलं कुठून?"

काकूंनी आतून काकाजी ऐकत नाहीत ना, ते वळून पाहिलं. मग म्हणाल्या, "पावसाळ्यात मले ताप आलता, ठावं हाय ना? तवापासून जिभेले काहीच समजत नाई. तिखट नाई, मीठ नाई, गोड नाई. वाससुद्धा येत नाई."

"आणि स्वयंपाक?"

"अंदाजानं. सवयीचा हात हाय, चालते. एकदा वरण खारट झालं. हे काही बोलले नाई, पण लय पाणी पिऊन राह्यले, त्याच्यावरून समजलं." त्या हसल्या. "यवतमाळले डॉक्टरले दाखवलं. येईन म्हनते हळूहळू. नाईही येईन. कोनाले सांगू? साऱ्याजणी मले फोडणीले बलावतात. मीच माह्या हातचं चाखू शकत नाई, हे सांगाची लाज वाटे."

आतून परातीवर हात आपटल्याचा आवाज येत होता.

"जेवाले बसलं का रडू ये," काकू पुढे म्हणाल्या. "माती खाल्ल्यावानी लागे. एक दिवस यायनं पाह्यलं. म्हने, काहीच समजत नाई? थंड समजते का? म्हटलं, समजते. मऊ? म्हटलं, तेही समजते. कुरकुरीत, चिकट? म्हटलं, हो, ते समजते. मंग म्हने, एवढी काहून रडते बावा? चव सोडून अजून लय राह्यते खाण्यात. मी पाहतो. आधी कुरड्या तळल्या, अर्ध्या जाळल्या. मंग मोबाईलवर हे सापडलं."

तेवढ्यात काकाजी ताटली घेऊन बाहेर आले. मिशीला, भुवईला पीठ लागलेलं. ताटलीत एकच गोळी होती, नितळ, थरथरणारी, आतून नारिंगी झाक मारणारी. संत्र्याची फोड त्यांनी सालपट काढून फ्रीजमध्ये गार केली होती. मागच्या खेपेला फोडी वळतानाच फुटल्या होत्या, तेव्हापासून संत्र्याचं ते नाव काढत नव्हते.

"घे," इतकंच म्हणाले.

काकूंनी गोळी उचलली आणि दात लावला. पांढरं कवच लांबलं, आणखी लांबलं, त्यांच्या ओठापासून बोटापर्यंत झोक्यासारखं झुललं. मग आतली फोड फुटली आणि गार रसाची धार हनुवटीवरून थेट पदरावर आली.

"अगं माय!" काकू दचकून ओरडल्या आणि मग तोंड भरलेलं असतानाच खुदुखुदु हसायला लागल्या. डोळे मिटून, सावकाश, गालातल्या गालात फिरवत त्यांनी ती गोळी संपवली. काकाजींनी काहीच विचारलं नाही. आमच्या दोघींच्या मध्ये ते नुसते उभे होते, हातातली ताटली घट्ट धरून.

काकूंनी पदराने तोंड पुसलं आणि हात पुढे केला.

"अजून एक द्या ना."

काकाजी वळले आणि आत गेले. मला वाटलं, लगेच घेऊन येतील. पण आतून नळ सोडल्याचा आवाज आला आणि पाणी वाहत राहिलं. ना भांडं ठेवल्याचा आवाज, ना उचलल्याचा. मी उठायला लागले, तशी काकूंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"बस," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "येऊ दे त्यायले सावकाश."