गोळीची घरगुती चाचणी

मधुरिमाचं बाळंतपण सुखरूप पार पडलं, रक्तदाब मात्र चढलेलाच राहिला. डॉक्टर शर्वरीबाईंनी गोळी लिहून दिली. "अंगावर पाजणाऱ्या आईला ही चालते. बाळाला पाजत राहा, पण गोळी चुकवू नका. चुकवलीत तर झटके येऊ शकतात," त्या म्हणाल्या.

हे डॉक्टरांचं मत झालं. घरचं मत अजून व्हायचं होतं.

हिंदी मुलखातल्या राजवाड्यामागे राहणाऱ्या तिच्या सासरच्या मराठी घराण्यानं एकेकाळी दरबारात चाकरी केलेली, त्यामुळे बैठकीशिवाय तिथे काही ठरत नसे. सासरे मालोजीराव अध्यक्षस्थानी बसले. सासूबाई मंगलाबाई आणि नवरा यशवर्धन हे सदस्य. मधुरिमाला बाळासह उपस्थित राहण्याची परवानगी मिळाली. मताचा अधिकार नव्हता.

"दुधातून सगळं उतरतं. यशच्या वेळी मी आंबटाला बोट लावलं नव्हतं," मंगलाबाई म्हणाल्या.

"आईसाहेब, डोकं ठणकतंय माझं. डॉक्टरांनी सांगितलंय ना."

"त्यांना कुठे पाजायचंय?"

"रिस्क कौन लेगा, मधु?" यशवर्धन म्हणाला. "बाबासाहेबांना जरा देख लेने दे."

मध्येच पोहे आले, वर मूठभर सेव. मीठ कमी करायचं आहे, असं मधुरिमा म्हणाली. सेव हे मीठ नसून सेव असल्यामुळे ती विनाचर्चा मंजूर झाली.

मालोजीरावांचे पणजोबा महाराजांच्या ताटातला पहिला घास चाखत. त्या परंपरेला अनुसरून गोळी आधी मालोजीरावांनीच चाखावी, असा ठराव झाला. त्यांनी स्वतःची रक्तदाबाची गोळी सकाळीच घेतली होती. तिच्यासाठी कधी बैठक भरली नव्हती. आता त्यांनी सुनेचीही गिळली.

"दुधावर काही परिणाम जाणवत नाही," त्यांनी गंभीरपणे नोंदवलं. थोड्या वेळानं ते उठले, त्यांना गरगरलं आणि ते पोह्यांवर बसले.

यशवर्धननं डॉक्टरांना फोन लावला.

"त्यांना आडवं करा आणि लगेच घेऊन या," शर्वरीबाई म्हणाल्या. "मधुरिमानं गोळी घेतली?"

"नाही मॅडम. गोळी टेस्टमध्ये फेल झाली."

सगळे गाडीत बसून गेले. गोळ्यांची स्ट्रिपही पुरावा म्हणून सोबत गेली. मागे उरलेल्या मधुरिमाच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. बाळाला खांद्यावर घेऊन, कठड्याला धरत ती खालच्या औषधाच्या दुकानात उतरली. फोनमधली डॉक्टरांची चिठ्ठी तिनं दुकानदाराला दाखवली.

"भाभीजी, घर में पूछ लिया?"

"डॉक्टर को पूछ लिया, भिया."

"वो तो ठीक है. पर घर में?"

"पानी दे दो," ती म्हणाली आणि काउंटरपाशी उभ्याउभ्याच तिनं गोळी गिळली.

गिऱ्हाइकं सरसावली. एकाच्या वहिनीला अशाच गोळीनं सूज आली होती. दुसऱ्याच्या मते दुधी भोपळ्याचा रस पुरेसा होता. आणखी कुणी बाळाकडे पाहून चुकचुकलं. गोळीचं नाव त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

तुम्हालाही नाही. या गोष्टीत ते कुठेच आलेलं नाही. पण मधुरिमानं ती घ्यायला हवी होती की नको, याबद्दल तुमचं मत केव्हाच तयार आहे.