अकरावी प्रत

नायिकेचं पत्र नायक वाचतो आणि संतापून फाडतो, एवढाच शॉट होता. ते पत्र लिहायचं काम बोरूकडे आलं. बोरू म्हणजे कलाविभागातली सगळ्यांत धाकटी मदतनीस, वय वर्षं एकवीस. अक्षर मोत्यासारखं म्हणून सगळे तिला बोरू म्हणत, आणि खरं नाव हजेरीच्या वहीपुरतं उरलं होतं.

"काय लिहू?" तिने दिग्दर्शकाला विचारलं.

"काहीही लिही. सहा ओळी भर म्हणजे झालं. कॅमेऱ्यात अक्षरं मुंग्यांएवढी दिसणार आहेत."

मुंग्या वाचायला कोण बसतंय, असं म्हणून बोरूने मनात होतं तेच लिहून टाकलं. आणि मनात होती भिंग.

बारीक नजरेमुळे सगळे तिला भिंग म्हणत; ती कंटिन्युइटी बघायची. सोमवारच्या शॉटमध्ये नायकाच्या शर्टाची गुंडी उघडी असेल, तर गुरुवारीही ती उघडीच आहे ना, हे बघून वहीत टिपणं हा तिचा पेशा. वय बोरूएवढंच, पण तिने मान हलवली की दिग्दर्शकसुद्धा थांबायचा. गेले चार महिने दोघी एकाच डब्यातून जेवत होत्या. बोरूला ती आवडत होती, अगदी झोप उडण्याइतकी आवडत होती. पण सांगितलं आणि ती दुरावली, तर हे जेवणही जाईल, या धाकाने बोरूची जीभ रोज टाळूला चिकटायची. म्हणून तिने कागदावर लिहिलं:

तुला सगळ्यांचं सगळं दिसतं.
कुणाची बाही किती दुमडली होती,
कुणाच्या कपात चहा किती उरला होता.
पण ओठ मुडपून लिहिताना तू कशी दिसतेस,
ते तुला ठाऊक नाही. मी रोज बघते.
एकदा माझ्याकडेही नीट बघ.

लिहून झाल्यावर तिला हलकं वाटलं. ते हलकेपण तासभर टिकलं.

सकाळीच कॅमेरामनने हौसेने एक खास लेन्स मागवली होती. ती लावली मात्र, पडद्यावर मुंग्यांचे हत्ती झाले. 'तू कशी दिसतेस' ही अक्षरं दुकानाच्या पाटीएवढी दिसायला लागली. बोरू टेबलामागे सरकली. दिग्दर्शक मात्र खूश.

"काय अक्षर आहे! घ्या क्लोजअप." तो घेतलाही. काय लिहिलंय हे त्याने वाचलं नाही. अक्षराचं कौतुक करणारी माणसं मजकूर सहसा वाचत नाहीत.

मग नायकाने पत्र वाचलं, फाडलं आणि पुढचं वाक्य विसरला.

"दुसरी प्रत आण," दिग्दर्शक म्हणाला.

"दुसरी नाहीये. तुम्ही एकच सांगितलं होतं."

"एक पत्र सांगितलं होतं, एक प्रत नव्हे. दहा कर. आणि हुबेहूब हवीत. क्लोजअप घेऊन झालाय."

हुबेहूब म्हटलं की ते भिंगचं खातं. तिने फाटलेले चार तुकडे गोळा केले, पुठ्ठ्यावर चिकटवले आणि बोरूच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. बोरू लिहायची आणि भिंग ताडून बघायची. एखाद्याचं प्रेमपत्र ज्याला लिहिलंय त्यानेच तपासायला घ्यावं, असा प्रसंग बोरूने ऐकलाही नव्हता.

"'कशी'ची वेलांटी लांब गेलीय," भिंग म्हणाली.

"बरं."

"'बाही'वर शाईचा ठिपका आहे. मूळ पत्रात नाही. ही बाद."

"बरं."

"'मी रोज बघते'मध्ये तुझा हात थरथरलाय."

"दमलाय हात."

"चौथीच प्रत आहे," भिंग म्हणाली आणि ओठ मुडपून वहीत काहीतरी टिपलं. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ. हिला समजलंच नाही की समजून ही गप्प आहे, यातलं जास्त वाईट कोणतं हे बोरूला ठरवता येईना.

पाच टेक झाले. एकदा पंख्याने कागद उडाला, एकदा तो अर्धाच फाटला, एकदा नायकाला शिंक आली. सहाव्या टेकला नायक वाचता वाचता थांबला. नायक देखणा होता आणि सावकाश होता.

"हे पत्र मला आलंय ना?" त्याने विचारलं. "मग 'दिसतेस' का? 'दिसतोस' पाहिजे."

सगळा सेट बोरूकडे बघायला लागला. मेकअपवाली मावशी, म्हणजे बोरूची सख्खी मावशी, नायकाच्या कपाळावर पावडर लावत होती. तिचा हात तिथेच थांबला.

"चुकून झालं," बोरू पुटपुटली. "'दिसतोस' करते."

"कर," दिग्दर्शक म्हणाला.

"करता येणार नाही," भिंग म्हणाली. "क्लोजअपमध्ये 'दिसतेस' आहे."

"मग क्लोजअप परत घेऊ."

"लेन्स दुपारपर्यंतचीच होती," कॅमेरामन म्हणाला. "गेली परत."

दिग्दर्शकाने डोळे मिटले. मग नायकाच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "हे बघ, प्रेमात माणसाचं व्याकरण सुटतं. तेच दाखवायचंय आपल्याला."

"मग मी वाचताना थोडा गोंधळलेला दिसू?"

"तू नेहमीसारखाच दिस."

मावशीने पावडरचा डबा मिटला आणि बोरूला कपडेपटाच्या खोलीत नेलं. बोरू तिच्याकडेच राहायची, त्यामुळे पळायला जागा नव्हती.

"कुणाला लिहिलंस?"

"शॉटला."

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. शॉटला लिहिताना कुणाचे कान लाल होत नाहीत. ती वहीवाली ना?"

बोरूने मान खाली घातली. मावशीने एका हँगरवरचा शर्ट उगाचच सरळ केला, मग पुन्हा केला.

"मला वाटायचं, तू एखादा मुलगा आणशील आणि मी त्याला नावं ठेवीन. आता हिला कसली नावं ठेवायची? पोरगी चांगली आहे." मग ती जरा थांबली. "ताईला कोण सांगणार?"

"आईला मीच सांगेन."

"सांग. पण आधी त्या पोरीला तरी सांग. दहा वेळा लिहिलंस, एकदा बोलायला काय होतंय?"

बोलायला काय होतंय ते बोरूलाच माहीत होतं. ती परत आली तेव्हा दहावी प्रतही फाटून पडली होती. टेक छान झाला होता, पण शेवटी कॅमेरा हलला होता.

"आणखी एक," दिग्दर्शक म्हणाला. "पाच मिनिटांत. खिडकीतलं ऊन चाललंय."

बोरूने कागद घेतला आणि पुठ्ठा शोधला. पुठ्ठा टेबलावर होता, पण त्यावरचं पत्र नव्हतं. नायकाने मधल्या वेळात फाडण्याचा सराव केला होता, तो नेमका मूळ पत्रावर; तुकडे जुळवत बसायला आता वेळ नव्हता.

"मला वाटलं हे जुनंच आहे," तो म्हणाला.

बोरूचं डोकं एकदम कोरं झालं. स्वतःचं पत्र, सकाळपासून दहा वेळा लिहिलेलं, पण पहिला शब्द आठवेना. भिंग खुर्ची ओढून शेजारी बसली. वही तिने मिटून मांडीवर ठेवली होती.

"लिही," ती म्हणाली. "'तुला सगळ्यांचं सगळं दिसतं.' पूर्णविराम. नवी ओळ."

बोरू लिहायला लागली.

"'कुणाची बाही किती दुमडली होती.' स्वल्पविराम. 'बाही'तला 'ब' जरा मोठा. 'कुणाच्या कपात चहा किती उरला होता.' पूर्णविराम." भिंग खिडकीकडे बघत, पाढे म्हणावेत तसं एका सुरात सांगत होती. "'पण ओठ मुडपून लिहिताना तू कशी दिसतेस.' वेलांटी आखूड. 'ते तुला ठाऊक नाही. मी रोज बघते.' इथे पेन उचल आणि परत टेकव. मूळ पत्रात तिथे तू थांबली होतीस."

एवढं कुणी लक्षात ठेवत नाही, हे बोरूच्या तेव्हा लक्षात आलं, आणि तिला वर बघायची छाती होईना.

"'एकदा माझ्याकडेही नीट बघ.' पूर्णविराम." भिंग थांबली. खिडकीवरची नजर तिने बोरूकडे वळवली. "नवी ओळ. 'बघते आहे. पहिल्या दिवसापासून.'"

"हे पत्रात नव्हतं," बोरू म्हणाली.

"नव्हतं."

"कॅमेऱ्यात दिसेल."

"दिसू दे. लिही."

बोरूने लिहिलं. हात थरथरला, तरी भिंगने प्रत बाद केली नाही. त्या टेकला नायकाला वाक्य आठवलं, कागद सरळ फाटला आणि दिग्दर्शकाने ऊन जायच्या आत ओके म्हटलं.

सहा महिन्यांनी तयार पिक्चर सगळ्या युनिटला एका छोट्या थिएटरात दाखवलं. पत्राचा प्रसंग आला आणि दिग्दर्शकाने हात वर करून पिक्चर थांबवायला लावलं. मग तो उठून पुढे गेला आणि बोटाने ओळी मोजल्या.

"क्लोजअपमध्ये सहा आहेत. इथे सात. कंटिन्युइटी कोण बघत होतं?"

"मी," भिंग अंधारातून म्हणाली.

"तुझ्या नजरेतून सुटलं?"

"नाही. ती ओळ मीच सांगितली."

"आणि लिहिली कुणी?"

"हिने." शेजारी बोरू होती.

"पण आहे कुणाला?"

"तीसुद्धा हिलाच."

दिग्दर्शकाने पडद्याकडे बघितलं, दोघींकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे बघितलं. त्या दिवशी सकाळपासून स्वतःच्या डोळ्यांसमोर काय चाललं होतं, याचा हिशेब त्याला आत्ता लागला. मग तो आपल्या खुर्चीत येऊन बसला.

"चुकीचं पत्र फाडलं म्हणायचं आपण," तो म्हणाला. "अकरा प्रती फाडल्या, मूळ धरून बारा. चालवा पुढे."