विल्बेर्तने कबूल केलेला पाऊस

तण काढायचं म्हटलं की विल्बेर्तला हमखास तहान लागायची. त्या दिवशी आजोबांनी पाण्याचा भोपळाच त्याच्या शेजारी आणून ठेवला, तेव्हा त्याने दुसरी वाट शोधली. मक्याच्या शेताच्या कडेला अलुशचं घर होतं, दगडी, खुराड्याएवढं आणि चारी बाजूंनी बंद. अलुश म्हणजे शेताचा राखणदार. उंची पोराएवढी, राग थोरामोठ्यांचा. त्याला आत घालून दार चिणलं की तो पिढ्यानपिढ्या शेत राखतो. त्या दाराला हात लावायचा नाही, एवढी एकच गोष्ट आजोबांनी बजावली होती. विल्बेर्तने दाराचे दगड काढले आणि सावलीत आडवं व्हायला आत शिरला.

त्याची बहीण सुएमी त्याला पाय धरून ओढायला वाकली. आईने तर शेंडेफळ तिच्याच गळ्यात बांधलं होतं. पण ओढली गेली तीच. धडपडत दोघं बाहेर आली तेव्हा टेकडी तीच होती, लाल माती तीच होती, मकाही तोच. पण ज्या दगडांच्या ढिगाऱ्यावर आजोबांच्या बकऱ्या चरायच्या, तिथे लाल रंगाचं देऊळ उभं होतं आणि त्यातून धूर निघत होता.

"ताई, आपली सिमेंटची टाकी कोणी नेली?" विल्बेर्तने विचारलं.

समोर एक म्हातारा दुखरा गुडघा चोळत बसला होता. त्याचं नाव नापुक. नवं कोरं अलुशचं घर बांधून, दारात मक्याचं आंबील ठेवून, तो सकाळपासून राखणदाराची आळवणी करत होता. त्याने पोरांकडे पाहिलं, मग विल्बेर्तच्या बुटांकडे पाहिलं. पाऊल टेकलं की त्या बुटांत तांबडे दिवे लागत.

"इश्केन!" तो बायकोला ओरडला. "अगं, एक मागितला, दोन आले!"

"म्हणजे रांधायचंही दोघांचं," इश्केन म्हणाली आणि पाटा धुवायला घेतला.

"आजोबा, आम्ही अलुश नाही हो," सुएमी काकुळतीने म्हणाली. "माणसांचीच पोरं आहोत."

"अलुश असंच म्हणतात," नापुक समाधानाने म्हणाला.

आजीकडून शिकलेली माया भाषा सुएमी अडखळत बोलायची. तोही पुरावाच ठरला. ती रडकुंडीला येऊन पुन्हा त्या घरात शिरली, बाहेर आली, पुन्हा शिरली. कोपरं खरचटली, बाकी काही झालं नाही. विल्बेर्त तोवर बाहेर बसून आंबील पीत होता.

"पिऊ नकोस ना! अलुशने खाल्लं की तो त्या शेताला बांधला जातो!"

"मग आधी नाही का सांगायचं?" विल्बेर्त तोंड पुसत म्हणाला.

त्याने सहज एक खडा उचलून कणसावरच्या पाखराला मारला. नेम चुकला आणि मक्याच्या आडून किंकाळी आली. शेजारचा बातुन कपाळ धरून उठला. त्याच्या झोळीत नापुकचीच कोवळी कणसं होती. दिवे लागणारे बूट दिसताच तो झोळी टाकून गावाकडे पळत सुटला.

खडे मारणं हा तर अलुशचा पिढीजात धंदा. थोड्याच वेळात निम्मं गाव मध, शिजवलेला घेवडा आणि टर्कीचं मटण घेऊन बांधावर हजर झालं. एका बाईला हरवलेली टर्की हवी होती, एकाला रुसून माहेरी गेलेली बायको. बहुतेकांना मात्र पाऊस हवा होता. कणसांत दाणा भरायचा थांबला होता आणि टाक्यांचे तळ दिसायला लागले होते.

"पाऊस ना? पाडतो की," विल्बेर्त मधाची बोटं चाटत म्हणाला. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"कधी, देवा?"

"उद्या."

सुएमीने त्याला असा चिमटा काढला की तो शिट्टीसारखा किंचाळला. लोकांनी हात जोडले. अलुश शिट्ट्याही मारतात.

दुसऱ्या दिवशी आभाळ घासलेल्या ताटासारखं लख्ख होतं. दुपार कलली तसे लोक पुन्हा जमले, या वेळी हात हलवत. बरोबर गावचा भगत होता. त्याने घराला फेरी मारली, विल्बेर्तला हुंगलं आणि निकाल दिला. "राखणदार मोकळे फिरतायत, मग पाऊस कसा येणार? आत घाला आणि दार चिणा."

बातुनने तर चुना कालवायलाही घेतला. सुएमीला आई आठवली, घर आठवलं, आणि आपण या खुराड्यात कायमचे बंद होणार हे कळून तिला रडू फुटलं. तिने नापुकचा हात घट्ट धरला. "आजोबा, देवाशपथ सांगते, आम्ही लहान मुलं आहोत!"

नापुकने लोकांना मागे सारलं. अलुशशी एकांतात बोलायचंय म्हणाला, आणि दारासमोर बसकण मारली.

"मला ठाऊक आहे गं," तो हळूच म्हणाला. "कालच कळलं. मटणाच्या मोठ्या तुकड्यावरून अलुश भांडत नाहीत."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"पोरी, या गुडघ्याने मी चोराच्या मागे पळू शकत नाही. काल बातुन पळाला आणि माझं एक कणीस गेलं नाही. मोह झाला. चुकलं माझं." त्याने मान खाली घातली. "तुम्ही आलात तरी कुठून?"

सुएमीने सगळं सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "आमच्या शाळेच्या पुस्तकात तर लिहिलंय की तुम्ही माया लोक सगळे नाहीसे झालात."

नापुक दचकला. "कापणीच्या आधी की नंतर?"

"ते नाही लिहिलं."

"आणि तिथे हे शेत कोण करतं?"

"माझे आजोबा."

"काय पेरतात?"

"मका. मध्ये घेवडा आणि भोपळा."

"मग झालं तर," नापुक म्हणाला आणि बऱ्याच वेळाने प्रथमच हसला. "पुस्तक लिहिणारा शेताकडे फिरकला नसेल."

मग त्यानेच विचार केला. "तिकडचं दार चिणलेलं होतं ना? मग इकडचंही चिणल्याशिवाय वाट होत नसेल. खात्री नाही माझी. पण वरचा दगड मी नुसता ठेवतो, चुना न लावता. इथेच बसतो. हाक मारलीस तर दगड काढीन."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, नापुकला वेड लागलं. नवीन काय त्यात?"

इश्केनने विल्बेर्तच्या हातात भाकरी कोंबली, सुएमीच्या केसांवरून हात फिरवला आणि पाठ फिरवली. दगडावर दगड चढले. वरचा दगड बसला तेव्हा आत अंधार झाला. सुएमीने भावाला कुशीत घेतलं. बाहेर भगताचं पुटपुटणं चाललं होतं. मग छपरावर टप्प झालं, पुन्हा टप्प, आणि एकदम धो धो. लोकांचा गलका उठला.

"बघ, मी म्हटलं होतं ना!" विल्बेर्त ओरडला.

आणि मधेच सगळा आवाज थांबला.

"नापुक आजोबा?" सुएमीने हाक मारली. उत्तर आलं नाही. तिने आणखी जोरात हाक मारली. विल्बेर्तने घाबरून लाथ मारली तसे दगड ढासळले आणि उन्हात समोर सिमेंटची टाकी दिसली.

पाठोपाठ आजोबा दिसले, तण काढता काढताच उठून आलेले. पडलेल्या दगडांकडे बघून ते ओरडलेसुद्धा नाहीत. टोपी काढून मट्‌कन खाली बसले.

"अलुश गेले म्हणायचे," ते म्हणाले. "माझ्या पणजोबांच्याही आधीपासून इथे होते. दोघं, बहीण-भाऊ. धाकट्याने पावसाचा शब्द दिला होता, आणि दार चिणताच पाऊस आला."

"मग?" सुएमीने विचारलं.

"मग काय, सगळे नाचत घरी गेले. चिणणारा म्हातारा तेवढा त्या पावसात दारासमोर बसून राहिला. आतून हाक येईल म्हणून, असं सांगतात. बायकोने ओढलं तरी उठेना."

विल्बेर्तने बहिणीकडे पाहिलं. सुएमी उठली, गुडघे टेकून त्या अंधाऱ्या भोकात डोकं घातलं आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडली, "आजोबा, आम्ही सुखरूप पोचलो हो! आता घरी जा! भिजू नका!"

मागे बसलेल्या आजोबांनी वर बघितलं. आभाळात औषधालाही ढग नव्हता.

"अगं, मी कुठे भिजतोय?" ते म्हणाले.