बिनप्लगची स्कूटर

वाहन चालवणं ही दुय्यम बाब आहे. बंद पडलेलं वाहन गॅरेजला न नेता दारातच चालू करणं, हे कर्त्या पुरुषाचं आद्य कर्तव्य होय. शहाण्णव साली जळगावात मेहरूणच्या एका गल्लीत घरं एकवीस, दुचाक्या सहा आणि दुचाकीचे जाणकार चौतीस होते. (पस्तिसावा नवा भाडेकरू होता, त्याला दोन महिन्यांची मुदत दिलेली होती.)

त्या सहांत रुपचंदभाऊंची स्कूटर वेगळी. ती बॅटरीवर चालायची. पेट्रोल नाही, धूर नाही आणि आवाजही नाही. त्यामुळे गाडी चालू आहे की बंद, हे वाकून बघावं लागे. (विकणाऱ्याने हे गुणांच्या यादीत घातलं होतं.) रुपचंदभाऊ तिला रोज चार्जिंगला लावत, दर एकादशीला बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालत आणि लेकराचा ताप बघावा तसा तिला उपडा हात लावून बघत. घरात इतकी काळजी आणखी कोणाची घेतली गेल्याची नोंद नाही.

एका सोमवारी सकाळी नऊला ही स्कूटर जागची हलेना. रुपचंदभाऊंच्या पत्नी कुंदाबाई हातात फाइल घेऊन पायरीवर उभ्या होत्या. बालवाडीचा कोर्स करून त्यांना नऊ वर्षं झाली होती, आणि शिक्षिकेच्या जागेसाठी मुलाखतीचं बोलावणं पहिल्यांदाच आलं होतं. वेळ अकराची. शाळा रिक्षाने पंधरा मिनिटांवर.

"मी रिक्षाने जाते," त्या म्हणाल्या.

"घरची गाडी असताना? लोक काय म्हणतील?" रुपचंदभाऊ म्हणाले. "बस जरा. दोन मिनिटांचं काम आहे."

काय ते म्हणायला लोक पाच मिनिटांत हजर झाले.

शिरस्त्याप्रमाणे प्रथम प्लग. केळीच्या ट्रकांवर हयात गेलेले निंबाभाऊ स्कूटरसमोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "भाऊ, बठ्ठी भानगड प्लगनी शे." या गाडीला प्लगच नसतो, असं रुपचंदभाऊंनी दबकत सांगून पाहिलं. निंबाभाऊंनी ते मनावर घेतलं नाही. पंचवीस मिनिटं शोध चालला. शेवटी कंपनीने प्लग मुद्दाम लपवला आहे, यावर सर्वांचं एकमत झालं.

मग गाडी आडवी करणे. पेट्रोलच्या स्कूटरला याने हमखास गुण येतो. जिच्यात पेट्रोलच नाही तिला तर जास्तच यायला हवा, असा निवृत्त हेडमास्तर पितांबरनानांचा युक्तिवाद होता. नानांपुढे बोलायची कोणाची छाती? गाडी आडवी झाली. बॅटरीतलं अ‍ॅसिड रुपचंदभाऊंच्या इस्त्रीच्या पँटीवर सांडलं आणि गुडघ्यापाशी भोकं पडू लागली. त्यावरून बॅटरीत अजून दम आहे, हे सप्रमाण सिद्ध झालं.

दहा चाळीसला कुंदाबाई उठल्या. रुपचंदभाऊंनी ते पाहिलं. जाऊ द्यावं हिला, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. पण अख्खी गल्ली बघत होती.

"झालंच आता," ते म्हणाले.

कुंदाबाई बसल्या. फाइलची दोरी सोडली, पुन्हा बांधली. अकरा वाजले. सव्वाअकरा वाजले. गाडी पुन्हा डावीकडेच आडवी करावी की या खेपेला उजवीकडे, यावर दोन तट पडले.

साडेअकराला स्कूटर अचानक सुरू झाली. टाळ्या पडल्या. एका पैशाचा मेकॅनिक न लावता काम झालं, म्हणून पितांबरनानांनी चार शब्द बोलून सर्वांचे आभारही मानले.

पावणेबाराला भोकाच्या पँटीनिशी रुपचंदभाऊ कुंदाबाईंना घेऊन शाळेत पोचले. शिपाई खुर्च्या आत नेत होता. जागा चोपड्याच्या एका बाईंना मिळाली होती. त्या एसटीने आल्या होत्या.

परतताना कुंदाबाई एक शब्द बोलल्या नाहीत. गाडीचाही आवाज नाही. बायको काही बोलली असती, निदान भांडली असती तर बरं, असं रुपचंदभाऊंना वाटत राहिलं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

गल्ली वाट बघत उभी होती. "रस्त्यात कुठं बंद पडली का?" निंबाभाऊंनी विचारलं. नाही म्हटल्यावर सगळ्यांना हायसं वाटलं.

ही हकीकत आजवर पुष्कळांना सांगून झाली. ऐकून संपली की एकजात सगळे विचारतात, पण गाडीला झालं तरी काय होतं? वाचकहो, साडेअकरापासून तुमच्याही मनात तेच आहे. बसा, सांगतो. कुंदाबाई चहा टाकतीलच.