स्मशानशेडीच्या ठरावाची बखर

श्रीग्रामदेवता सुप्रसन्न. ज्याच्या दारी नळाचे पाणी येते त्याचे कल्याण असो, ज्याच्या दारी येत नाही त्यास धीर असो, आणि जो पंचायतीच्या गादीवर बसला त्यास रात्रीची झोप असो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, आषाढमासी घाटाखालच्या एका मुलखात जे वर्तमान जाहले ते येथे लिहिले आहे. मुलखाचे नाव लिहिले नाही. लिहिले तर शेजारचे दहा मुलूख म्हणतील की हे आमचेच लिहिले, आणि फुकट भांडण उभे राहील.

त्या मुलखी केरबा नामे सरपंच राज्य करीत होते. राज्य म्हणावे तर दोन आळ्या, मधून एक ओढा, पाण्याची एक टाकी आणि कार्यालयाची एक खोली. गादी म्हणावी तर प्लास्टिकची खुर्ची, तिचा मागला पाय तारेने बांधलेला. स्वारी पहाटे दात घासत अंगणात आली की तेथेच दरबार भरे. एक म्हणे, माझ्या दारचा दिवा लागत नाही. दुसरा म्हणे, माझ्या दारचा विझत नाही, झोप येत नाही. तिसरा म्हणे, शेजाऱ्याची मोरी माझ्या जोत्यात मुरते. आणि शेजारी म्हणे, मोरी माझी खरी पण उतार देवाने केलेला. मग केरबा चूळ भरीत आणि म्हणत, "बघतो." हा शब्द त्यांनी गादीवर बसल्यापासून इतक्यांदा उच्चारला होता की घरात पत्नीने जेवायला हाक मारली तरी तोच तोंडून निघे. गादी मिळाली तेव्हा त्यांच्या अंगात हौस होती, मिरवणुकीत गुलाल डोळ्यांत गेला तरी पुसला नव्हता. आता हौस ओसरली होती. नुसते दमणे उरले होते, आणि ते झोपून उठल्यावरही जात नसे.

आता त्या मुलखाची रीत ऐकावी. ग्रामसभेस शंभर डोकी लागत. तितकी न भरली तर सभा तहकूब होई, आणि तहकूब सभेस डोक्यांची अट नसे. हे रयतेस एकदा उमगल्यावर पहिल्या सभेस येण्याचे कारण उरले नाही, आणि दुसऱ्या सभेस येण्याचे कारण तर आधीपासूनच नव्हते. म्हणून देवळाच्या मंडपात पाचसात जण येत, ग्रामसेवक भाऊसाहेब घड्याळ पाहून तहकुबी लिहीत, मग चहा होई आणि तेच पाचसात जण पुन्हा बसून सगळ्या मुलखाचे बरेवाईट ठरवीत. ऐसा कारभार सुखाने चालला होता. परंतु शेजारच्या एका गावी पाच जणांनी तहकूब सभेत ठराव करून समाजमंदिर एकाच्या परसात, त्याच्या म्हशींच्या सोयीने बांधले, आणि तेव्हा वरून हुकूम आला की बांधकामाच्या जागेचा ठराव येथून पुढे भरल्या सभेतच झाला पाहिजे. मग त्या मुलखी काही बांधणेच बंद पडले.

त्यात अडकली ती स्मशानशेड. मुलखाचे प्रेतसंस्कार ओढ्याकाठच्या उघड्या खडकावर होत. उन्हाळ्यात मरणाऱ्यास काही त्रास नव्हता. पावसाळ्यात जो जाई त्याचे नातलग गोठ्याचे पत्रे उचकटून आणीत, हातांना गोणपाट गुंडाळीत, आणि पत्रे चितेवर धरून उभे राहत. पत्रा तापला की माणूस बदलत, वारा फिरला की पळत, आणि वरून रॉकेल, खालून टायर, ऐसे करून कार्य उरकत. शेडीसाठी निधी वरून दरसाल येई आणि जागा न ठरल्याने दरसाल परत जाई. वरची आळी म्हणे खालच्यांकडे बांधा, खालची म्हणे वरच्यांकडे बांधा. आहे त्या खडकावरच बांधावी हे दोन्ही आळ्यांना मनातून मान्य होते. परंतु केरबा वरच्या आळीचे, म्हणून ते सुचवतील त्यास खालच्या आळीचे पुढारी आकाराम नको म्हणत. आणि आकाराम सुचवतील त्यास वरची आळी नको म्हणे. एकंदरीत मेलेल्यांची कोणतीच आळी नव्हती.

या केरबांच्या मातोश्री हौसाबाई ज्येष्ठात आजारी पडल्या आणि अंथरुणाला खिळल्या. बाई तिखट. खाटेवरून औषध देणाऱ्याला शिव्या आणि भेटायला येणाऱ्याला सल्ले देत. पण त्यांचे डोळे खिडकीबाहेर आभाळाकडे लागलेले असत. डॉक्टरने हात टेकले, मृगाने धार धरली, आणि एके दिवशी त्यांनी लेकाला खाटेजवळ बसविले.

"केरबा, गणित चुकलं माझं. उन्हाळ्यात जायचं व्हतं."

"आई, काय पण बोलतीस."

"खरं तेच बोलती. तुझ्या बापाला श्रावणात नेलं. रातच्याला पावसानं विझलं, आन् सकाळी तू परत जाऊन पेटवलंस. मला कुणी सांगितलं न्हाई, पण मला ठावं हाय. तुझ्या हाताला राकेलचा वास येत व्हता." मग बाई जरा थांबल्या, दम खाल्ला, आणि म्हणाल्या, "बाप दोनदा पेटवलास. मला एकदाच पेटव. डोक्यावर छप्पर असलं म्हंजे झालं. सरपंच हाईस न्हवं तू?"

केरबांच्या तोंडी "बघतो" आले आणि ते त्यांनी गिळले. त्या घटकेस त्यांना रडू आले, आणि ते आईसमोर रडले. पंचावन्न वर्षांचे वय, मिशा पांढऱ्या, तरी रडले.

मग त्यांनी सभा बोलाविली. शेड उभी राहावयास महिने लागणार हे त्यांना ठाऊक होते. पण ठराव झाला तर त्या जोरावर खडकावर बांबू रोवून चार पत्रे ठोकता येतील, पंचायतीचे काम म्हणून कोणी हात लावणार नाही, एवढे जमेल असा त्यांचा हिशोब होता. विनाठराव एकदा त्यांनी तसे केले होते, तर रातोरात कोणी ते पत्रे नेले आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही आळ्यांच्या गोठ्यांवर ते वाटून बसलेले दिसले. चोरीत मात्र आळ्यांचे एकमत होते.

सभेआधी केरबा दारोदार फिरले. ज्यांच्या दारी मते मागायला गेले होते त्यांच्या दारी डोकी मागायला गेले. शेवटी ओढा ओलांडून आकारामांच्या ओसरीवर गेले. आकारामांनी पाणी दिले, तंबाखू दिली, बसावयास घोंगडी दिली, आणि सर्व ऐकून घेऊन म्हणाले, "येतो की सरपंच. न येऊन जातो कुठं? पण एक इचारतो, राग नको. गावात इतकी मेली, तवा शेड आठवली न्हाई. आता तुमची आई निघाली म्हणून आठवली व्हय?"

ते खरे होते, हे केरबांना ठाऊक होते. त्यांनी तंबाखू तशीच मुठीत धरली आणि परत आले.

सभेच्या दिवशी मात्र आश्चर्य जाहले. मंडप भरू लागला. आकाराम खालच्या आळीची माणसे घेऊन आले, वरच्या आळीचे लाजेने आले, बायका आल्या, आणि भाऊसाहेब मोजीत मोजीत नव्वदीच्या पुढे गेले. केरबाही बोटांवर मोजू लागले. दहा डोकी राहिली, आठ राहिली, रस्त्यावरून आणखी चौघे येताना दिसत होते, आणि इतक्यात टाकीकडून कोणी ओरडले, "नळ आलं!" मुलखात तीन दिवसांआड पाणी, तेही अर्धी घटका. तेव्हा काय विचारावे? प्रथम बायका उठल्या, मग त्यांच्या मागून पोरे, मग हंडे उचलायला म्हणून पुरुष, आणि सर्वांच्या पुढे भाऊसाहेब, कारण त्यांच्या भाड्याच्या खोलीत सकाळपासून थेंब नव्हता. मंडपात केरबा आणि आकाराम असे दोघेच उरले.

"आजच कुणी सोडलं हे पाणी?" आकाराम म्हणाले.

केरबा खुर्चीवर बसले होते. म्हणाले, "मीच. गेल्या महिन्यात हुकूम काढला, काय वाट्टेल ते होवो, पाण्याची वेळ चुकायची न्हाई."

आकारामांना हसू आले, आणि केरबांकडे पाहून ते त्यांनी आवरले. दोघे उठले आणि आपापले हंडे भरावयास गेले.

त्यानंतर चौथ्या दिवशी हौसाबाई गेल्या. सकाळी चहाचे दोन घोट घेतले, चहा पाणचट म्हणून सुनेला बोल लावला, आणि गेल्या. बाहेर पाऊस ऐसा की समोरचे घर दिसेना. केरबांनी दुपारपर्यंत वाट पाहिली, मग वडीलधाऱ्यांनी म्हटले की हा थांबणारा नव्हे, आणि तिरडी उचलली.

ती बाई मुलखाला ठाऊक होती. अर्ध्या गावाच्या बाळंतपणात तिने पाणी तापविले होते आणि उरलेल्या अर्ध्याला शिव्या दिल्या होत्या, म्हणून सगळा मुलूख आला. ओढा गुडघ्यावर चढला होता तरी खालची आळी एकमेकांचे हात धरून आली. गोठ्यांवरचे पत्रे आले. त्यांत केरबांच्या चोरीस गेलेल्यांपैकीही काही होते, पण त्या वेळी कोण बघतो? चिता रचली, हातांना गोणपाट गुंडाळले, आणि पत्रे उचलले गेले. डोक्याकडचा पत्रा आकारामांनी धरला. ज्यांच्या वाट्याला पत्रा आला नाही त्यांनी ताडपत्री ताणली, बांबू पेलले, आणि मागच्यांनी पुढच्यांच्या डोक्यावर छत्र्या धरल्या. केरबांनी मडके घेऊन फेरे घातले आणि अग्नी दिला. धूर झाला, अधिक धूर झाला, सगळे खोकले, आणि मग कोठे तरी आत लाल दिसले.

रीतीप्रमाणे कोणी दोन शब्द बोलावयाचे होते. आकाराम पत्र्याखालून म्हणाले, "माउली गेली. आता काय बोलायचं?" आणि त्यांचे भाषण झाले. मग केरबा पुढे आले. लोकांस वाटले, आभार मानतील. त्यांच्या अंगावरून पाणी निथळत होते, आवाज बसला होता, आणि ते आभार मानावयाच्या मनःस्थितीत नव्हते.

ते म्हणाले, "भाऊसाहेब, डोकी मोजा."

भाऊसाहेबांच्या हाती ताडपत्रीचे टोक होते. त्यांनी नजरेने मोजले आणि घाबरून म्हणाले, "शंभराच्या वरच आहेत, सरपंच. पण..."

"मग ही सभा भरली. इषय एकच. शेड."

"सरपंच, असं कसं चालेल? नोटीस नाही, अजेंडा नाही. सात दिवस आधी..."

तेव्हा आकाराम ओरडले. पत्रा तापून त्यांच्या गोणपाटातून वाफ येत होती. "ओ भाऊसाहेब! सात दिवस आधी कुणी मरतंय व्हय सांगून? नोटीस मागनं लिवा. ती ताडपत्री आधी वर घ्या, पाणी पडतंय आत!"

भाऊसाहेबांनी ताडपत्री वर घेतली आणि त्यांचे कायद्याचे बोलणे तेथेच संपले.

"जागा कुठली?" मागून कोणी विचारले. सवयीनेच विचारले.

"तुमचं पाय हायत ती," केरबा म्हणाले. कोणी आपल्या पायांकडे पाहिले, कोणी ओढ्याकडे, आणि वरची आळी खालच्या आळीच्या खांद्याला खांदा लावून उभी होती, तेव्हा कोणाला काही सुचले नाही.

"मंजूर असंल त्यांनी हात..." ऐसे म्हणून केरबा थांबले. त्यांनी वर पाहिले. पत्रे, बांबू, ताडपत्र्या, छत्र्या आणि त्यांखाली हात. म्हातारे हात, पोरसवदा हात, भाजलेले हात, दोन्ही आळ्यांचे. एकही खाली नव्हता. मग त्यांनी डोळ्यांवरचे पाणी पुसले, आणि ते पावसाचे होते की कशाचे हे पाहणारास कळत होते.

"ज्याचा इरोध असंल," ते म्हणाले, "त्यानं हात खाली घ्यावा."

चितेने आता चांगला पेट घेतला होता. पत्रे तापत होते, माणसे तोंडे फिरवीत होती, खांदे कापत होते. आकारामांनी दात आवळले आणि पत्रा वीतभर आणखी उंच धरला. कोणी हात खाली घेतला नाही.

येणेप्रमाणे त्या मुलखी एक ठराव भरल्या सभेत, एकमताने झाला. दुसरा तसा झाल्याचे आढळत नाही. शेड पुढल्या वैशाखात उभी राहिली, तिचे खांब पक्के आहेत, आणि पाऊस आत येत नाही. ज्या बाईने ती मागितली तिला ती लाभली नाही. जे सभेस येत नव्हते त्या सर्वांस लाभेल.