झुंगूंचे करकरणारे बूट

"स्वयंपाकघरात बकरं शिरलं की काय?" माखुमालोने परसातून विचारलं.

"अगं, मी आहे!" तिचे यजमान झुंगू म्हणाले आणि जागचे हलले. त्यांचे नवे काळे-पांढरे बूट पुन्हा करकरले.

झुंगू म्हणजे उमलाझी वस्तीतल्या 'हलकी पावलं' या गायक मंडळींचे म्होरके. वाद्य नाही, टाळी नाही. दहा पुरुष एका सुरात गायचे आणि पाऊल असं टाकायचे की खालच्या फळीलाही पत्ता लागू नये. रेडिओवर त्यांची गाणी लागत, लग्नं त्यांच्यावाचून अडत. फक्त स्पर्धेत बक्षिसाचा बोकड गेली काही वर्षं दुसऱ्याच्या दावणीला जात होता. आज दुपारीही तो गेला, तर म्होरकेपण भेकीला द्यायचं, असं मंडळींनी ठरवलं होतं. भेकी झुंगूंचा सख्खा भाचा, आणि गळा मामापेक्षा गोड. सगळ्यांनी एकसारखे नवे बूट घ्यायची टूम मात्र मामांचीच. बाकीच्यांचे बूट मुके निघाले, मामांचे तेवढे वाचाळ.

"अहो थेम्बाचे बाबा, जुने घाला की!"

"पोशाखाचे गुण जातील ना! सगळ्यांचे सारखेच लागतात."

त्यांनी बुटांना मेण चोळलं, खोबरेल चोपडलं, शेवटी मेंढीची चरबी लावली. बूट करकरतच राहिले. वर गल्लीतली चार कुत्री बूट हुंगत थेट सभागृहापर्यंत आली.

इथे परीक्षक रस्त्यावरून धरून आणतात. तो कुणाच्या ओळखीचा नसावा, आणि गाण्यातलं त्याला काही कळत नसावं, म्हणजे वशिला चालत नाही. यंदा पावाच्या गाडीचा चालक सापडला होता. मंडळी रंगमंचावर आली. सूर लागला, दहा पावलं अलगद पुढे पडली, आणि 'कर्र!'

"मामा, मेलो आपण," भेकी ओठ न हलवता पुटपुटला.

झुंगूंनी डोळे मिटून घेतले. म्होरक्याला थांबता येत नाही. ते चालत राहिले आणि बूट बोलत राहिले. शेवटी चालक उठला. "गाण्यातलं मला कळत नाही. पण ज्यांच्यात तो पक्षी मधूनमधून ओरडतो ना, बोकड त्यांना द्या!"

भेकीने आ वासला. झुंगूंनी टाय नीट केला. "ती माझी जुनीच कल्पना," ते म्हणाले. "वर्षभर रियाज केलाय."

मग झुंगूंना दिवस पुरेनात. रेडिओवाले आले, लग्नघरं "ते करकरवाले झुंगूच पाहिजेत" म्हणून अडून बसली. आमंत्रणं वाढली तसे बूट झिजले, मऊ पडले, आणि एक दिवस गप्प झाले. झुंगूंनी ते छपरावर वाळत घातले, मिठाच्या पाण्यात बुडवले, चुलीशेजारी ठेवले. बूट मौनात गेले ते गेलेच.

"मागे मेंढी वाया घालवलीत, आता मीठ," माखुमालो म्हणाली.

मंडळींची बैठक बसली. भेकी नवाकोरा जोड घालून आला, दारापासून करकरत. "मामा, राग मानू नका. लोक करकर ऐकायला येतात. जो करकरेल तो पुढे, नाही का?"

ज्या मंडळींना झुंगूंनी तरुणपणी सूर धरायला शिकवलं, त्यांनीच त्यांना मागच्या रांगेत उभं केलं. ते फार लागलं त्यांना. त्या रात्री ते जेवले नाहीत, मक्याच्या पुथूचं ताट तसंच राहिलं.

पुढच्या स्पर्धेला एकूण एक मंडळी करकरत आली. सभागृहात बिनवंगणाच्या गाड्यांचा तांडाच शिरला म्हणा ना! परीक्षक म्हणून बसथांब्यावरून एक परिचारिका आणली होती. कामाची पाळी संपवून घरी निघालेली, आधीच वैतागलेली. तिने कानांवरचे हात शेवटी खाली घेतले.

"मला सांगितलं होतं, इथे आवाज न करता चालतात. आख्ख्या दुपारात तसं एकच माणूस चालला. हा मागच्या रांगेतला म्हातारा. गातानासुद्धा मांजरासारखा! कुणाचा आहे हा? बोकड त्याच्या मंडळींना द्या."

भेकीने मागे वळून पाहिलं. मग तो मुकाट्याने बाजूला झाला आणि मामांना पुढे जायला वाट करून दिली. जाताना त्याचेच बूट तेवढे वाजले.

झुंगू पुढे आले. त्यांनी टाय नीट केला. "ती माझी जुनीच कल्पना," ते म्हणाले. "वर्षभर..." एवढं बोलून ते अडखळले, कारण या खेपेला खोटं बोलायची गरजच नव्हती. "तीस वर्षं रियाज केलाय."